दीर्घ पल्ल्याच्या अश्वदौडीसाठी घोड्यांच्या वंशावळीचे मूल्यमापन : निकष व मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ पासून भरणारी ‘टेव्हिस कप’ ही दीर्घ पल्ल्याच्या अश्वदौडीची आद्य आधुनिक स्पर्धा मानली जाते. २४ तासांत १०० मैलांचा (सुमारे १६० किलोमीटर) डोंगराळ मार्ग पार करावयाच्या या स्पर्धेत निघालेल्या घोड्यांपैकी साधारणतः निम्मेच घोडे अखेरपर्यंत पोहोचतात. यशस्वी घोड्यांत अरबी वंशाचे प्राबल्य आहे. परंतु अरबी वंशातीलही कोणती शाखा निवडावी, हा प्रश्न उरतोच. ही निवड कोणत्या पुराव्यावर व्हावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्षमतेचे स्वरूप :
या क्रीडाप्रकारात वेगाइतकेच महत्त्व शरीर पूर्ववत होण्याच्या क्षमतेला आहे. विश्रांत अवस्थेत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे २८ ते ४४ असतात. प्रत्येक टप्प्यानंतर ते ठरावीक वेळेत सामान्यतः ६४ पर्यंत खाली यावे लागतात. त्याचबरोबर लंगडणे, शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि आतड्यांची हालचाल यांचीही पशुवैद्यक तपासणी करतात. अरबी घोड्याचा बांधा लहान असल्याने वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते व उष्णता लवकर बाहेर पडते. त्याच्या स्नायूंत सावकाश आकुंचन पावणाऱ्या, न थकणाऱ्या तंतूंचे प्रमाणही तुलनेने जास्त आढळते.

जनुकीय चाचणीची मर्यादा :
थरोब्रेड घोड्यांच्या मायोस्टॅटिन जनुकात ‘सी’ व ‘टी’ अशी दोन रूपे असून, ‘सी-सी’ घोडे कमी अंतराच्या आणि ‘टी-टी’ घोडे लांब अंतराच्या शर्यतीस अनुकूल असतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. तथापि शर्यतीतील ‘लांब अंतर’ अवघे काही किलोमीटरचे असते. शिवाय अरबी घोड्यांत ‘टी’ हेच रूप बहुसंख्य असल्याने या चाचणीतून त्यांच्या शाखांतील भेद फारसा उलगडत नाही.

वंशनावाची मर्यादा :
बदाऊन समाजात घोड्याचे कुळ मातेकडून मोजले जाई. कुहैलान, सक्लावी, अबयान ही त्यांपैकी काही प्रसिद्ध कुळनामे होत. मात्र केवळ मातेकडून संक्रमित होणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासात एकाच कुळनामाचे घोडे भिन्न मातृवंशांचे असल्याचे आढळले आहे. म्हणजेच नाव हे इतिहासाचे साधन ठरू शकते. क्षमतेची हमी ते देऊ शकत नाही.

कामगिरीच्या नोंदींचे वाचन :
मग मुख्य आधार उरतो तो संततीच्या कामगिरीचा. येथे तीन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, केवळ विजेते मोजू नयेत. एखाद्या नराची दहा अपत्ये विजयी झाली, ही माहिती त्याची किती अपत्ये स्पर्धेत उतरली हे कळल्याशिवाय अर्थहीन आहे. स्पर्धा निरोगी स्थितीत पूर्ण करण्याचे प्रमाण आणि कामगिरी किती वर्षे टिकली, हे निकष अधिक विश्वसनीय होत. दुसरी, नराला शेकडो अपत्ये होऊ शकतात, तर घोडीला मोजकीच. त्यामुळे नोंदींत घोडीचे योगदान झाकले जाते. तिसरी, नामांकित वंशाचे घोडे बहुधा अनुभवी स्वारांच्या हाती जातात. त्यामुळे यश रक्ताचे की संगोपनाचे, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी सर्व नातलगांच्या नोंदी एकत्र घेऊन स्वार, वय व मार्ग यांचा प्रभाव वजा करणारी प्रजननमूल्याची सांख्यिकी पद्धत उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :
वंशावळ ही संभाव्यता सांगते, निकाल नव्हे. अपयशाच्या नोंदी वगळलेल्या वंशावळीवर विसंबून केलेल्या निवडीची किंमत अखेर घोड्याला मोजावी लागते. पाणी व क्षार कमी होऊन किंवा पाय निकामी होऊन तो कोसळतो. दख्खनच्या कठीण भूमीवर धनगर समाजाच्या भटकंतीत ओझे वाहणाऱ्या भीमथडी घोड्याच्या संवर्धनाचा विचार करतानाही हे ध्यानी घ्यावयास हवे. त्याच्या काटकपणाच्या ख्यातीला जन्म, माता-पिता, चाललेले अंतर व आजार यांच्या लेखी नोंदींची जोड मिळाली, तरच ती ख्याती शास्त्रीय पुराव्याच्या कसोटीवर पारखता येईल.