शंखी गोगलगाय : उन्हाळ्यातील झोप आणि पावसातील भूक

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. हा प्राणी पोटाच्या स्नायूवरच सरकतो. मूळची पूर्व आफ्रिकेतील शंखी गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यास आणली गेली. सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. बार्शी तालुक्याची शीव धाराशिवास लागून आहे, हे सोलापूरकरांनी ध्यानी घ्यावे.

आपला कडक उन्हाळा तिला मारीत नाही. शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून ती बांधाच्या दगडांत निजते व पहिल्या ओलीबरोबर जागी होते. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते. पूर्ण वाढलेली कोणतीही गोगलगाय एका वेळी शंभरावर अंडी मातीत घालू शकते. म्हणून वेचणी त्याआधीच करावी. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बांधालगत अंथरावीत. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण त्यांच्या अंगातील सूत्रकृमी माणसाच्या मेंदूस अपाय करू शकतात. त्या साबणाच्या पाण्यात बुडवून माराव्यात. मीठ शेतात पसरू नये, जमीन बिघडते. कृषी सहायकांनी बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांस एकाच पहाटे वेचणीस बोलवावे.