अनवाणी चालणारा पाय

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात ज्यांना कृत्रिम पाय बसवून घरी पाठविले होते, त्यांतील पुष्कळ रुग्ण पुढील भेटीला पुन्हा कुबड्यांवरच येत. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना ही गोष्ट अस्वस्थ करीत असे. दिलेला पाय घराच्या कोपऱ्यात का पडून राहतो, याचा शोध घेताना त्यांना दोष रुग्णांत नव्हे, तर त्या पायातच आढळला.

पाश्चात्त्य धर्तीचा तो पाय बुटात घालण्यासाठी घडविलेला होता. त्याचा घोटा ताठ होता. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे त्याने भागत असे. परंतु राजस्थानच्या शेतकऱ्याला नांगरलेल्या रानातून अनवाणी चालावयाचे असते, चिखलात उतरावयाचे असते, उकिडवे बसावयाचे असते. आपल्या घरांतही वेगळे काय आहे? सामायिकाला आसनावर मांडी घालावयाची, वंदना करताना गुडघे टेकावयाचे आणि जिनमंदिराच्या पायरीशी पादत्राणे उतरवावयाची. ज्याला बूट काढता येत नाही, तो भाविक पायरीशीच अडून राहणार.

सेठींनी हा प्रश्न शरीररचनेच्या भाषेत मांडला. उकिडवे बसण्यासाठी पाऊल घोट्यातून वर वाकले पाहिजे. खडबडीत जमिनीसाठी ते दोन्ही बाजूंना कलले पाहिजे. मांडी घालण्यासाठी पावलाचा पुढचा भाग वळला पाहिजे. उत्तर मात्र ग्रंथांत नव्हते. ते रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातात होते. ‘मास्टरजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिल्पकाराचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. टायर दुरुस्तीच्या दुकानात ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविताना पाहून त्यांना रबरी पावलाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. टाचेत व पुढच्या भागात हलके सच्छिद्र रबर, घोट्याच्या जागी लाकूड, त्याभोवती टायरच्या दोऱ्यांचे व कातडीच्या रंगाच्या रबराचे वेष्टन, आणि हे सारे साच्यात घालून तापविलेले. १९६८ च्या सुमारास हे पाऊल रुग्णांच्या पायी आले. वरची नळी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, स्थानिक कारागिरांनी ठोकून घडविलेली. या पावलाला बूट लागत नाही आणि पाण्याचे भय नाही.

१९७८ साली या पावलाविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत सेठींसह रामचंद्रांचेही नाव आहे. चौथी शिकलेल्या कारागिराला संशोधकांच्या पंक्तीत बसविण्याचे औदार्य त्या काळी सामान्य नव्हते. आजही ते फारसे दिसत नाही. १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार व पद्मश्री सेठींना लाभली. त्या सन्मानांत मास्टरजींचा वाटा जगाने पुरेसा ओळखला नाही, ही खंत राहतेच.

उपयुक्त शोध असूनही १९७५ पर्यंत जेमतेम पन्नास-साठ जणांनाच तो पाय मिळाला होता. उणीव होती ती तो गरजूंपर्यंत नेणाऱ्या हातांची. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या त्या काळात प्रशासकीय अधिकारी देवेंद्र राज मेहता यांनी जयपुरात ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. १९६९ च्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. उत्सवाच्या निमित्ताने शोभायात्रा निघतात, स्तंभ उभे राहतात; इथे अनुकंपेला कार्यशाळेचे रूप मिळाले. पाय विनामूल्य, जात, धर्म विचारावयाचा नाही, दूरगावाहून आलेल्याला शक्यतो चालता करूनच परत पाठवावयाचे. कृत्रिम अवयव, कॅलिपर व अन्य साधने मिळून समितीच्या लाभार्थींची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली आहे.

मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला. जयपूर पाय लावून, वेदना सोसत त्यांनी पुन्हा सराव केला आणि १९८४ मध्ये त्या भरतनाट्यम् सादर करण्यासाठी रंगमंचावर उभ्या राहिल्या. नृत्यात पावलावर पडणारा भार चालण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्या कसोटीलाही हे पाऊल उतरले.

सेठींचे २००८ मध्ये जयपुरात निधन झाले. पुढे अॅल्युमिनियमच्या नळीची जागा प्लॅस्टिकच्या पाइपने घेतली आहे. गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांसाठी समितीने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर स्वस्त कृत्रिम गुडघाही विकसित केला असून, २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली.