स्टडिओ डॉट एच सापडत नाही

जालन्याला मला पाठवलं होतं सळईसाठी. भट्ट्या, भंगाराचे ढीग, री-रोलिंग मिल, असं काहीतरी धगधगतं संपादकांना हवं होतं. तो लेख होईलच. पण एका मिलमध्ये संगणक सांभाळणाऱ्या पोराने आपल्या जुन्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटचा विषय काढला आणि मी तिकडेच रमलो. मोसंबीच्या बागेतली ओल मोजून ती मेमरी कार्डावर नोंदवणारं यंत्र तिथली मुलं करताहेत. त्यातला प्रोसेसर रिस्क-फाइव्ह जातीचा, ३२ बिटांचा. त्याच्यासाठी लागणारा जीसीसी कंपायलर या गृहस्थांनी सोर्स उतरवून घेऊन लॅबमध्ये स्वतः बांधलाय.

लॅबचा इतिहास चारचौघींसारखा. मुलं सी शिकतात ती टर्बो सीवर. बोरलँडने १९८७ मध्ये आणलेला हा डॉसवरचा कंपायलर ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये घालून चालवायचा. 'अनएबल टू ओपन इन्क्लूड फाइल' असं आलं की ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीजमध्ये जाऊन पत्ता बदलायचा, हे सीनियर ज्युनियरला सांगतात. कंपायलर तो पत्ता कशाला विचारतो, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

मी गेलो तेव्हा पडद्यावर 'फेटल एरर' होता : स्टडिओ डॉट एच, नो सच फाइल. फाइल तर मशीनवर होती. मुलाने शोधूनही दाखवली. असिस्टंट सरांनी वाद घातला नाही. कंपायलरला व्हर्बोजचा पर्याय देऊन पुन्हा चालवलं. 'सर्च स्टार्ट्स हिअर' या ओळीखाली चार-दोन फोल्डरांची यादी आली आणि 'एंड ऑफ सर्च लिस्ट' म्हणून संपली. कंपायलर तेवढ्याच ठिकाणी बघतो. बाकी डिस्कवर काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग सरांनी स्टडिओ काढून स्टडडेफ डॉट एच घालायला लावली. ती बिनबोभाट सापडली. कारण ती जीसीसीच्या स्वतःच्या सामानात येते, तर स्टडिओ येते सी लायब्ररीबरोबर. म्हणजे कंपायलर धडधाकट होता, लायब्ररीच जागेवर नव्हती. छोट्या बोर्डांसाठी न्यूलिब नावाची लायब्ररी वापरतात. ती बांधताना 'प्रिफिक्स' म्हणून एक फोल्डर दिलं गेलं होतं आणि कंपायलर बांधताना दुसरंच. एका टिंबाचा फरक.

हे निदान मला फार आवडलं. पण त्याआधी मुलांनी केलेला, आता काढून टाकलेला उपाय ऐकला आणि धास्तावलो.

त्यांनी लॅपटॉपच्या उबुंटूचं इन्क्लूड फोल्डर यादीत घातलं होतं. पहिला एरर गेला, 'बिट्स' फोल्डरातल्या एका फाइलचा आला. तेही फोल्डर घातलं. मग 'स्टब्ज-३२' मागायला लागला. त्यासाठी इंटेलचं ३२ बिटांचं पॅकेज टाकलं, आणि कंपाइल झालं! "एरर गेला सर," मुलगा म्हणाला.

"गेला हाव. कामून गेला ते सांग."

हेडरमध्ये, म्हणजे या डॉट एच फाइलींमध्ये, काम नसतं, नुसता करार असतो : अमुक फंक्शन आहे, अमुक नावाची किंमत इतकी. इथे करार लॅपटॉपच्या जीलिबसी लायब्ररीचा आणि काम करणारी लायब्ररी न्यूलिब. कोड आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरने 'एर्नो लोकेशन' सापडत नाही म्हणून हटकलं, कारण ते नाव जीलिबसीचं. पोरांनी ते नाव मागणारी ओळच काढून टाकली. लिंकही झालं.

खरा घोळ त्यानंतरचा. यंत्र सुरू होई, ओल मोजे, पण कार्डावर नोंदीची फाइलच तयार होत नसे. सेन्सर बदलला, कार्ड बदललं, सोल्डरिंग पुन्हा केलं. दोष होता 'ओ-क्रिएट' या एका आकड्यात. नसेल तर फाइल तयार कर, हे सांगायला लॅपटॉपच्या हेडरमध्ये ६४ लिहिलेले असतात. न्यूलिबला त्यासाठी ५१२ लागतात. ६४ चा तिथे अर्थच वेगळा. कोणी एरर दिला नाही की वॉर्निंग दिली नाही. न सापडलेलं हेडर निदान ओरडतं तरी.

शेवटी कंपायलर आणि न्यूलिब दोन्ही एकाच प्रिफिक्सखाली पुन्हा बांधून झालं : आधी हेडरांशिवायचा अर्धा कंपायलर, त्याने न्यूलिब, मग पूर्ण जीसीसी. लॅबच्या मशीनवर त्याला काही तास लागतात, आणि मधे लाइट गेली तर अर्धवट पडलेलं काम निस्तरावं लागतं. शिवाय हे सगळं एकाच मशीनवर आहे. भोकरदन-परतूरहून येणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर उबुंटूच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, काहींवर जुनं इन्क्लूड फोल्डर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये अजून चिकटलेलं आहे, त्यामुळे नवा कंपायलर देऊनही चुकीचंच हेडर आधी उचललं जातं. सर एकेक लॅपटॉप उघडून बसतात. त्यांची नेमणूक कंत्राटी आहे आणि बांधणीच्या पायऱ्या त्यांच्या वहीत आहेत. त्या टाइप करायला मी सुचवलं, तर म्हणाले, आधी प्रॅक्टिकलची परीक्षा उरकू द्या. ती टर्बो सीवर आहे.