कर्करोग्यांची औषधे आणि टाळेबंदी

कर्करोग म्हटला की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि शिरेतून सोडावयाची जालीम औषधे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु इस्पितळात एक रात्रही न राहता केवळ गोळ्यांच्या आधारावर वर्षानुवर्षे संसार चालविणारे रोगीही पुष्कळ आहेत. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात इमॅटिनिब हे औषध रोज घ्यावे लागते. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनची गोळी कित्येक स्त्रियांना पाच वर्षे, प्रसंगी दहा वर्षेही चालू ठेवावी लागते. अशा रोग्याचे इस्पितळ म्हणजे वस्तुतः बाह्यरुग्ण विभागातील औषधालयाची खिडकीच होय. २०२० साली कोविडच्या साथीत ही खिडकी उघडी राहिली, पण तिच्याकडे जाणारा रस्ता बंद झाला.

हिंगोलीचेच उदाहरण घ्यावे. १ मे १९९९ रोजी परभणीतून निराळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा मुंबईपासून पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. सेनगाव किंवा कळमनुरीकडील कर्करोग्याने औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावे, नाहीतर १९४१ पासून चालू असलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय. मुंबईत उतरावयास दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तेथे जागा न मिळाल्यास परळचा पदपथ. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली, प्रवासी गाड्या थांबल्या, आणि एस. टी. ची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्टपर्यंत सुरू झाली नाही. महिन्याची औषधे महिन्यातच संपतात. रस्ता मात्र जवळजवळ पाच महिने अडला होता.

टाटा रुग्णालयाने उपचार चालू ठेवण्याचे ठरविले. साथीच्या भयाने कर्करोगाचा उपचार लांबविला, तर साथीपेक्षा कर्करोगच अधिक बळी घेईल, हा विचार त्यामागे होता. सरकारनेही दोन पावले त्वरेने उचलली. टाळेबंदीच्याच दिवशी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्या दिवशी परवानाधारक औषधविक्रेत्यांना औषधे घरपोच देण्याची मुभा मिळाली. चिठ्ठी ई-मेलने आली तरी चालेल, जुनाट दुखण्याची चिठ्ठी मात्र तीस दिवसांच्या आतील हवी, असा नियम होता.

परंतु खरी मेख पुढेच होती. घरपोच औषध द्यावयाचे ते विक्रेत्याच्या स्वतःच्या महसुली जिल्ह्यातच! ताप-खोकल्याच्या औषधास ही अट पुरेशी उदार आहे. पण ज्याची चिठ्ठी परळची आणि घर औंढ्याचे, त्याला तिचा काय उपयोग? शिवाय अमली पदार्थांच्या कायद्यातील औषधे या सवलतीतून वगळली होती. म्हणजे असह्य वेदनेवर ज्याला मॉर्फिनच हवे, त्याच्या दारी ते येणार नव्हते. गैरवापराची भीती खोटी नव्हे, पण तिचा भार येथे सर्वांत दुबळ्या रोग्यावर पडला.

बरे, पुडी दारी पोचली म्हणजे काम संपले असेही नाही. कॅपेसिटाबिनची गोळी बहुधा चौदा दिवस घेऊन सात दिवस थांबवावयाची असते. तळहात व तळपाय सोलवटले किंवा जुलाब लागले, तर ती थांबवून डॉक्टरांस विचारावे लागते. ल्युकेमियाच्या मुलांना मरकॅप्टोप्युरिन देताना रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून मात्रा ठरते. म्हणून खिडकीवरचा औषधनिर्माता नुसत्या गोळ्या मोजीत नाही. तो मागील चिठ्ठी ताडून पाहतो, उरलेल्या गोळ्या विचारतो, दुसरे कोणते औषध चालू आहे याची चौकशी करतो. खिडकी दूर गेली की हे सर्व दूरध्वनीवर करावे लागते. रक्ताची तपासणी गावाजवळ करून घ्यावी, कागदाचे छायाचित्र पाठवावे, मग मात्रा ठरावी. तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत, तर मध्येच मात्रा बदलल्यास उरलेल्या गोळ्या वाया जातात, आणि एवढे पैसे एकरकमी उभे करणे शेतमजुराच्या घरास जमत नाही.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, हेही सांगावेच लागते. इमॅटिनिबमध्ये वारंवार खंड पडला तर दबलेला रोग पुन्हा डोके वर काढतो, आणि रोग्याला ते कळत नाही. प्रकृती तर ठणठणीत वाटत असते. टाळेबंदीत ज्यांनी पुरवठा टिकावा म्हणून गोळ्या एक दिवसाआड केल्या असतील, त्यांना आपण काटकसरच केली असे वाटले असेल.