वाचनयंत्रांतील पोथी आणि तिची अनुक्रमणिका

पोथीच्या काळीं एखाद्या वचनाचें स्थळ सांगावयाचें झालें, तर कोणी पानाचा आंकडा सांगत नसे. एका लेखकाच्या हातची प्रत दोनशें पानांची, तर दुसऱ्याच्या हातची तीच संहिता अडीचशें पानांची. मग पान सांगून उपयोग काय? म्हणून पर्व, अध्याय, श्लोक या क्रमानें स्थळनिर्देश करण्याची पद्धति आपल्याकडे रूढ झाली. पुढें छापखाना आला, एका आवृत्तीच्या सर्व प्रती सारख्या निघूं लागल्या, आणि पृष्ठांकाला महत्त्व आलें. "पान बेचाळीस उघडा" असें वर्गांत सांगितलें, कीं सारीं मुलें एकाच ओळीवर येत. आतां हातांत धरून वाचावयाच्या यंत्रांनीं हें पृष्ठांकाचें राज्य पुन्हां डळमळीत केलें आहे. त्यांत अक्षर मोठें केलें, कीं पानें वाढतात. लहान केलें, कीं घटतात. आजोबांचें बेचाळिसावें पान तें नातवाचें पंचविसावें. अशा वेळीं वाचकाला आधार उरतो तो प्रकरणांचा आणि अनुक्रमणिकेचा. म्हणजे पोथीवाल्यांचीच रीत नव्या यंत्रांत पुन्हां उपयोगास येते. ही रीत साध्या मजकुराला कशी लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या यंत्रांना ई-रीडर म्हणतात. त्यांतील आपल्याकडे सर्वांत परिचित असें ॲमेझॉन कंपनीचें किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आलें. त्याआधीं २००४ सालीं सोनी कंपनीनें जपानांत याच जातीचें लिब्री नांवाचें यंत्र काढलें होतें. यांच्या पडद्यांत सूक्ष्म कुप्या असून प्रत्येकींत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या प्रेरणेनें ते वरखालीं होऊन अक्षर उमटतें. एकदां उमटलेलें अक्षर तसेंच राखण्यास वीज लागत नाहीं, आणि कागदावरच्या अक्षराप्रमाणें तें बाहेरच्या उजेडानें दिसतें. वयोमानानें ज्यांची दृष्टि मंद झाली आहे, त्यांना बारीक टायपाचा ग्रंथ नाइलाजानें बाजूस ठेवावा लागतो. येथें तोच ग्रंथ हव्या तेवढ्या मोठ्या अक्षरांत वाचतां येतो. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकेंही विकत मिळूं लागलीं. परंतु जें पुस्तक बाजारांत नाहीं, तें घरींच सिद्ध करावें लागतें. आणि त्याचा आरंभ बहुधा साध्या मजकुराच्या फाईलीपासून होतो.

साधा मजकूर, म्हणजे टेक्स्ट फाईल, ही संगणकावरील लेखनाची सर्वांत निरलंकार अवस्था होय. तींत अक्षरें, मोकळ्या जागा आणि ओळींचे शेवट यांवांचून कांहीं नसतें. हीच तिची शक्ति आहे. ४ जुलै १९७१ रोजीं मायकेल हार्ट यांनीं इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि त्यांतून प्रोजेक्ट गटेनबर्ग हें विनामूल्य ग्रंथभांडार उभें राहिलें. तेव्हांपासून कित्येक यंत्रें आलीं आणि अडगळींत गेलीं. साधा मजकूर मात्र अद्याप कोठेंही उघडतो. परंतु या निरलंकारतेबरोबर एक उणीवही येते. "समास पहिला" हे शब्द आणि त्यांखालची ओवी यांत यंत्राला कांहींच भेद दिसत नाहीं. अशी फाईल तशीच वाचनयंत्रांत घातली, तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच सलग पट्टी हातीं येते. पंधराव्या अध्यायाला जावयाचें तर आधींचे चौदा उलटावे लागतात.

यावर उपाय म्हणजे मजकुराचें ईपब या स्वरूपांत रूपांतर करणें. हें स्वरूप २००७ सालीं मानक म्हणून ठरलें. ईपब म्हणजे आंतून एक बांधलेलें गाठोडें आहे. गांठ सोडली, तर चार वस्तु दिसतात : प्रकरणांचे निरनिराळे कागद, कोणकोणते कागद आंत आहेत याची यादी, ते कोणत्या क्रमानें वाचावे हें सांगणारा कणा, आणि अनुक्रमणिका. ही अनुक्रमणिका नुसती पाहावयाची नसते. तींतील नांवावर बोट ठेवलें, कीं तें प्रकरण उघडतें. २०२२ पासून किंडलकडेही ईपब फाईल धाडतां येते, त्यामुळें हें एकच स्वरूप बहुतेक यंत्रांना पुरतें.

परंतु शीर्षक कोठें आहे हें यंत्राला सांगावें लागतें, आणि सांगणारा ग्रंथ जाणणारा असावा लागतो. महाभारताचें उदाहरण घ्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. तिच्या १८ पर्वांत १,९९५ अध्याय आहेत. त्या संहितेची संगणकीय प्रत जपानांतील क्योटोचे पंडित मुनेओ तोकुनागा यांनीं सिद्ध केली व केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं ती तपासून सुधारली. ती साध्या मजकुरांतच आहे. मात्र प्रत्येक ओळीच्या आरंभीं आठ आंकडे आहेत. '०६०२३००१' याचा अर्थ सहावें पर्व, तेविसावा अध्याय, पहिला श्लोक. पहिले पांच आंकडे बदलले कीं नवा अध्याय लागला, एवढा एकच नियम सांगितला, म्हणजे यंत्र सर्व अध्याय क्षणांत वेगळे करतें. हें चातुर्य यंत्राचें नव्हे. ओळीओळीला आंकडा घालणाऱ्या पंडितांचें आहे. आणि याही पलीकडे एक गोष्ट उरतेच. भीष्मपर्वाचा तेविसावा ते चाळिसावा अध्याय म्हणजे भगवद्गीता, आरण्यकपर्वाचा पन्नासावा ते अठ्ठ्याहत्तरावा म्हणजे नलोपाख्यान, हें त्या आंकड्यांत कोठेंच लिहिलेलें नाहीं. तें जाणणाऱ्यानेंच शीर्षक म्हणून घालावयाचें. खुद्द महाभारतांत, आदिपर्वाच्या दुसऱ्या अध्यायांत, पर्वसंग्रह या नांवानें सर्व पर्वांची व त्यांतील विषयांची यादी दिलेली आहे. एवढ्या अरण्यांत वाचकानें वाट चुकूं नये, ही काळजी तेव्हांही होती.

घरीं करून पाहावयाला दासबोध हा ग्रंथ फार सोयीचा आहे. त्याचे २० दशक, प्रत्येकांत १० समास, मिळून २०० समास. घडण अगदीं नियमित. सुई आधीं व कढई मागून या सूचीकटाहन्यायानें सोप्या कामापासून आरंभ करावा. प्रथम मूळ फाईलीची नक्कल करून मूळ फाईल जपून ठेवावी. मग नक्कल युनिकोडमध्यें, यूटीएफ-८ या पद्धतीनें साठविलेली आहे ना, हें पाहावें. दोन तपांपूर्वीं टंकलेला पुष्कळसा मराठी मजकूर विशिष्ट फाँटांवर अवलंबून होता. त्यांत आंत रोमन अक्षरेंच असून वर देवनागरीचा केवळ मुखवटा असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक रोमन अक्षरें दिसूं लागतात. असा मजकूर फाँट-परिवर्तकाच्या साह्यानें आधीं युनिकोडमध्यें आणावा.

दुसरें काम शीर्षकांचें. यासाठीं मार्कडाऊन नांवाची एक सुटसुटीत पद्धति २००४ पासून प्रचारांत आहे. शीर्षकाच्या ओळीच्या आरंभीं '#' ही खूण करून एक जागा सोडली, कीं तें पहिल्या पातळीचें शीर्षक होतें; दोन खुणा केल्या, कीं दुसऱ्या पातळीचें. दशकाला एक खूण, समासाला दोन. खुणेच्या ओळीच्या वर आणि खालीं एकेक ओळ मोकळी ठेवावी. येथें एक विचार अवश्य करावा. नुसतें "समास पहिला" एवढेंच लिहिलें, तर अनुक्रमणिकेंत तें वीस वेळां येईल आणि कोणाला कांहीं बोध होणार नाहीं. "२.१ मूर्खलक्षण", "१९.१ लेखनक्रियानिरूपण" असें लिहिलें, तर स्थळ आणि विषय दोन्ही हातीं येतात. शेवटीं सांगितलेल्या समासांत समर्थांनीं लेखकाला अक्षर कसें काढावें हें शिकविलें आहे. तारुण्याच्या भरांत फार बारीक लिहूं नये, तें उतारवयांत वाचवत नाहीं, हा इशाराही तेथें आहे.

तिसरें काम ओळींचें, व तेंच नाजूक. साध्या मजकुरांत पुष्कळदां सत्तर-पंचाहत्तर अक्षरांवर ओळ तोडलेली असते. लहान पडद्यावर तीच तोड राहिली, तर एक ओळ पूर्ण व एक अर्धी असें वेडेंवांकडें दिसतें. मार्कडाऊन पद्धतींत परिच्छेदांतल्या ओळी आपोआप जोडल्या जातात, तेव्हां गद्याला कांहीं करावें लागत नाहीं. परंतु ओवी, श्लोक, अभंग यांच्या ओळीही त्याच सपाट्यांत जोडल्या जाऊन पद्याचें गद्य होतें. तें टाळावयास पद्याच्या ओळीच्या अखेरीस दोन जागा सोडाव्या, म्हणजे ओळ तेथेंच तुटते. गद्य कोणतें आणि पद्य कोणतें, हा विवेक यंत्राला नाहीं.

याच वेळीं शुद्धलेखनही पाहून घ्यावें. विसर्गाच्या जागीं अपूर्णविरामाचीं दोन टिंबें टंकण्याची खोड सार्वत्रिक आहे. डोळ्याला तीं सारखीं दिसतात. पण "दुःख" हा शब्द यंत्राला शोधावयास सांगितला, तर टिंबांचें दुःख त्याला सांपडत नाहीं. तसेंच मराठीच्या खास अर्ध्या 'र'चें. फाँट बदलतांना तो हरवला, तर आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना मिळते! घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल तर छापील पानावरून यंत्राकरवीं उतरविलेल्या मजकुरांत पदोपदीं आढळते.

एवढें झाल्यावर प्रत्यक्ष रूपांतर हें घटकाभराचेंही काम नाहीं. कोविद गोयल यांनीं २००६ सालीं आरंभिलेलें कॅलिबर व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचें पॅनडॉक, हीं दोन्हीं सॉफ्टवेअरें विनामूल्य आहेत. पॅनडॉक खुणा केलेल्या शीर्षकांवरून अनुक्रमणिका स्वतःच रचतें. कॅलिबरमध्यें मजकूर मार्कडाऊनचा आहे हें सांगून, अनुक्रमणिकेच्या पहिल्या व दुसऱ्या पातळीला कोणतीं शीर्षकें घ्यावयाचीं तें नेमून द्यावें. त्याची स्वतः प्रकरण ओळखण्याची व्यवस्था 'चॅप्टर', 'सेक्शन' अशा इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहे. दशक आणि समास तिला परके. पुस्तकाचें नांव, कर्त्याचें नांव व भाषा मराठी, ही नोंदही करावी.

पुस्तक सिद्ध झालें, तरी परीक्षेवांचून तें कोणाच्या हातीं देऊं नये. अनुक्रमणिकेंतील नोंदी मोजाव्या. दासबोधाचे समास १९९ भरले, तर एक खूण राहिली. २०१ भरले, तर एखाद्या ओवीला शीर्षक समजलें गेलें. भीष्मपर्वाचे अध्याय ११७ भरलेच पाहिजेत. मग स्थालीपुलाकन्यायानें आरंभींचें, मधलें व शेवटचें अशीं दोनचार शितें चेपून पाहावीं. अक्षर सर्वांत मोठें करूनही एकदां पाहावें. कारण ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, ते त्याच आकारांत वाचणार.

आतां थोडें आपल्या घरांविषयीं. दासबोध आज नाहीं केला, तर उद्यां दुसरा कोणी करील. परंतु पणजोबांच्या काशीयात्रेची रोजनिशी, घराण्याचा कुलवृत्तांत, आजीनें सांगितलेल्या व कोणी सुनेनें उतरून घेतलेल्या व्रतांच्या कहाण्या आणि लोणच्यांचीं प्रमाणें, हें दुसरा कोण करणार? कित्येक घरीं असा मजकूर कोणीतरी हौसेनें टंकूनही ठेवलेला असतो. पण तो शंभर-दीडशें पानांची सलग फाईल होऊन पडतो. कोणी एकदां उघडतो, चार ओळी वाचतो आणि मिटतो. लोणचें कोठें आहे आणि काशी कोठें, याचा थांग लागत नाहीं. रोजनिशीला समासांसारखी ठरलेली घडण नसते. येथें प्रवासाचा टप्पा संपला, येथें धाकट्या भावाच्या आजाराची हकीकत सुरू झाली, हा काका म्हणजे कोणत्या शाखेचा, हें घरांतल्या वडील मंडळींखेरीज कोणी सांगूं शकत नाहीं. आणि तीं सांगावयाला आहेत तोंवरच विचारून घेतलें पाहिजे. म्हणून हें काम वांटून करावें : टंकणें व रूपांतर तरुणांनीं करावें, वाचून दाखवावें कोणीही, शीर्षक कोठें पडावें व त्याला नांव काय द्यावें, हें वडिलांनीं सांगावें. एकत्र कुटुंबांत हीं तिन्ही माणसें एका छपराखालीं असतात, हा लाभ लहानसहान नाहीं.

एक पथ्य मात्र पाळावें. दुसऱ्याचा ग्रंथ घरच्या वाचनासाठीं रूपांतरित करणें निराळें आणि त्याच्या प्रती वाटणें निराळें. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. हरिभाऊ आपटे १९१९ सालीं वारले; त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्या आतां सर्वांच्या आहेत. ज्यांचा काळ भरलेला नाहीं, त्यांची अनुज्ञा घ्यावी.

काम संपल्यावर ईपबबरोबर ती खुणा केलेली साधी फाईलही दोन ठिकाणीं जपून ठेवावी. आजचीं यंत्रें दहा-वीस वर्षांनीं राहतीलच असें नाहीं. नवीं येतील आणि त्यांचें स्वरूपही निराळें असेल. त्या वेळीं घरांतला कोणी नातू तीच फाईल नव्या यंत्रांत घालील. मजकूर तर तिच्यांत असेलच. पण कोणतें प्रकरण कोठें सुरू होतें, हें सांगणारें माणूस कदाचित् नसेल. त्याचें सांगणें त्या खुणांत राहिलेलें असावें.