गोळीचा वेग

कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ब्राँझपदक मिळवल्यापासून सांगलीच्या आमच्या भाच्याला रायफलीचा ध्यास लागला आहे. आता गोळीचा वेग मोजणारे यंत्र हवे. पैसे साताऱ्याच्या मामाचे, म्हणून मीच चौकशी केली. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर जाते. वेग १० मीटरने घटला, तर ५० मीटरवर ती सहा-सात मिलिमीटर खाली लागते. आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! गोळीची सावली टिपणारे यंत्र स्वस्त, पण उजेड बदलला की रुसते. नळीला बांधायच्या चुंबकी यंत्राच्या वजनाने नेमच हलतो. बाजूला ठेवायचे रडार नळीला शिवत नाही. महाग खरे, तरी तेच घ्यावे आणि आधी एकाच खोक्यातली काडतुसे एकमेकांशी ताडून पाहावीत.