छऱ्याविना नेमबाजी

सायन-पनवेल महामार्गालगत सिडकोने वसवलेल्या आणि 2016पासून पनवेल महानगरपालिकेत असलेल्या कामोठ्यात मुलाला कोणत्या खेळाला घालावे याची चर्चा घरोघरी होते. परंतु मैदानावर गेलेले मूल तेथे रोज नेमके कशासाठी घाम गाळते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही, कारण शेजारच्या नवीन पनवेलमध्ये, कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीच्या आवारात, ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी 2006 साली ‘लक्ष्य’ हा नेमबाजी क्लब सुरू केला आणि नेमबाजीइतका हेतूचा हिशेब मागणारा दुसरा खेळ क्वचितच असेल.

ज्या सरावात प्रत्येक आवर्तनामागे एक निश्चित उणीव दूर करण्याचा उद्देश असतो, त्यास हेतुपूर्वक सराव म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर मात्र शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून तीच गोष्ट त्यापूर्वीच करून घेत होते. फलंदाजाला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळे, बाद न झाल्यास ते फलंदाजाचे होई.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा, तर छरा साडेचार मिलिमीटरचा असतो. हा ठिपका नेमबाजाला उभ्या जागेवरून दिसतही नाही. त्याला दिसते ते रायफलच्या पुढच्या टोकावरील कड्यात बसवायचे काळे वर्तुळ. म्हणजे जे दिसत नाही ते साधण्यासाठी जे हातात आहे तेवढेच, अर्थात पायांची ठेवण, श्वास आणि ट्रिगरवरील बोट, नीट करायचे असते. यासाठी ‘ड्राय’ म्हणजे छऱ्याविना केलेला सराव उपयोगी पडतो. शिकाऊ मूल रायफल खांद्याला लावते, डोळे मिटते, दोन-तीन श्वास घेते आणि डोळे उघडून पाहते. कडे वर्तुळापासून डावीकडे सरकलेले आढळल्यास हातांनी ते ओढून आणायचे नसते, तर पाऊल किंचित फिरवून संपूर्ण शरीराचा रोख बदलायचा असतो, कारण ओढून आणलेला नेम स्नायू थकताच मूळ जागी परततो. त्यानंतर ट्रिगर दाबला जातो, केवळ ‘टक्’ असा आवाज होतो आणि त्या क्षणी कडे कोठे हलले हे मुलाला स्वतःच ओळखावे लागते. कागदावर भोक नसल्यामुळे दहा की आठ हा मोह उरत नाही, चूक मात्र उघडी पडते. कोरा कागद लावून छरे मारण्याचा प्रकारही याच कुळातला. अनेक पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः पहिल्या महिन्यातच गुणफलकाची सवय लावणे हाच खरा अपव्यय होय.

याला जोड असते वहीची. गुण लिहिण्यापूर्वी आज कशावर काम करायचे होते, हे तीत लिहावे लागते. निवृत्त पोलीस अधिकारी व क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांनी योगाभ्यासाची सांगड खेळाशी घालून, मन निकालावरून काढून कृतीवर ठेवण्याचे हेच शिक्षण महाराष्ट्रातील अनेक नेमबाजांना दिले. शिरूर यांनी स्वतः 2004 साली आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत 400पैकी 400 गुण मिळवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने टोकियो व पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावले.

शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत 2009 साली दाखल झालेला राधानगरी तालुक्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. प्रवेश आणि पदक यांच्यात पंधरा वर्षे गेली, ही बाब वार्षिक शुल्कात पदकाची हमी देणाऱ्या जाहिराती सांगत नाहीत.

ही पद्धत रायफलपुरती नाही. बॅडमिंटनच्या शिकवणीत शटलविना केवळ पावलांचा सराव, पोहण्यात नुसत्या पायांचा सराव याच तत्त्वावर चालतो. म्हणून कामोठ्यातील पालकांनी मुलाला घेण्यास गेल्यावर ‘किती गुण झाले’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय दुरुस्त करायचे होते’ असे विचारावे, आणि याचे उत्तर सलग महिनाभर मुलाला देता आले नाही तर प्रशिक्षकांशी स्पष्टपणे बोलावे.